गल्लीची पंगत : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, यंदा आमच्या गल्लीत रस्त्यावरच दुपारची पंगत बसवायचं घाटतंय. तुमच्याकडे असं होत असेल तर स्वयंपाक, परवानगी, वर्गणी कशी जुळवता ते सविस्तर लिहा.

जळगावहून
आमच्याकडे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. यात बदल कुणी सुचवतसुद्धा नाही. गव्हाच्या जाडसर पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद घालून गोळे उकडायचे, पूर्ण गार झाले की चिरून तळायचे. गरम असताना सुरी लावली की भुगा. म्हणून उकडण्याचं काम भल्या सकाळीच उरकतो. वांगी चिरायला बायका एका ओट्यावर बसतात, भाजी घोटायला पुरुष. माझं ऐकाल तर केटरर नकोच. अबोला धरलेल्या दोन घरच्या जावा आमच्या ओट्यावर शेजारी विळ्या मांडून बसल्या होत्या. आयतं जेवण असतं तर दोघींपैकी एकच आली असती.

कोल्हापूरहून
आषाढात त्र्यंबोली यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेकडीवर न्यायचं आणि मग गल्लीत मटणाचं जेवण. शाकाहारी घरांसाठी चूल, पळ्या, वाढपी वेगळे ठेवा आणि तसं आधीच घरी जाऊन सांगा. मग ती माणसं निवांत बसतात, नाहीतर घरूनच हात जोडतात.

इंग्लंडहून
इथे ईडन प्रोजेक्ट या संस्थेने २००९ मध्ये 'बिग लंच', म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एकत्र जेवण, सुरू केलं, जूनच्या सुरुवातीला असतं. रस्ता बंद ठेवायला काउन्सिलकडे कित्येक आठवडे आधी अर्ज द्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. बाकी सोपं. प्रत्येक घरातून एक पदार्थ आणि आपापल्या खुर्च्या. मी साबुदाणा वडे नेते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून ताटलीपुढे ठळक चिठ्ठी लावायची.

पुण्याहून
वर्गणीऐवजी आम्ही शिधा घेतो. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी गूळ. ज्याला जे झेपेल ते, आणि कुणी काय दिलं याची यादी लावत नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहणाऱ्या मुलांना मुद्दाम बोलवा. आमच्याकडे लातूर-नांदेडची मुलं आहेत, गेल्या वर्षी सगळं वाढप त्यांनीच केलं. आणि मठ्ठा अंदाजाच्या दुप्पट करा, उन्हात तोच आधी संपतो.