आईशिवाय पहिली कोजागरी, आश्विनीचं काय करू?

मोगरी: सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ ला कोजागरी. मी घरातली थोरली, म्हणजे आश्विनी, थोरल्या अपत्याला त्या दिवशी ओवाळतात ती, माझी. पन्नाशी उलटली तरी आई दर वर्षी ओवाळायची. गेल्या वर्षी मीच फोनवर म्हटलं, "आई, पुरे आता, मी काय लहान आहे?" आणि गेलेच नाही. तिने दूध आटवून ठेवलं होतं, हे मागाहून कळलं. ज्येष्ठात आई गेली. वर्षाच्या आत सण नाही, ते मान्य आहे. पण त्या रात्री गच्चीवर बसून हे मनातलं उतरवता येईल, असं साधंसं कुणी काही करतं का?

रानजाई: ताई, आम्हीही सासूबाई गेल्या त्या वर्षी सण केला नव्हता. फक्त दूध ठेवलं, केशर-चारोळी काही न घालता. पातेलं चांदण्यात ठेवा. साय धरली की त्यात चंद्र दिसत नाही, पळीने हलकेच बाजूला करत राहायची. तेवढ्या वेळात आईंशी बोलून घ्या, मोठ्याने बोललात तरी चालेल. आणि बहीण असेल तर तिला ओवाळू द्या.

कृष्णाकाठ: माझा वडिलांशी अबोला होता, जमिनीवरून. ते तसेच गेले. त्या कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला मी वाईच्या घाटावर कणकेचा दिवा पळसाच्या द्रोणात ठेवून कृष्णेत सोडला. द्रोण पायरीलाच अडकला. खाली वाकून हाताने पाणी लोटत राहिलो, तेव्हा कुठे निघाला. "आप्पा, चुकलं माझं" एवढंच बोललो. दहा-बारा हातांवर गेला आणि विझला. पण त्या रात्री मला झोप लागली. यंदा त्रिपुरी ५ नोव्हेंबरला आहे, जमलं तर या. थर्माकोलचा द्रोण मात्र नदीत सोडू नका, कळकळीने सांगतो.

मोगरी: काल बहिणीला बोलावून घेतलं. साय तीनदा बाजूला केली, मग तिला त्या फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "ते दूध आईने दुसऱ्या दिवशी मला प्यायला लावलं. 'थोरलीच्या वाटचं आहे, टाकायचं नाही,' म्हणाली." खूप रडलो दोघी. मग तिने आईच्याच निरांजनाने मला ओवाळलं. दादा, त्रिपुरीला आम्ही दोघी वाईला येतोय. पळसाचे द्रोण तिथे मिळतील की इथून आणू?

कृष्णाकाठ: मी आणून ठेवतो, ताई. तुम्ही कणीक आणा.