बेळगावच्या पाण्यासाठी आणखी एक पाइपलाइन मागावी काय?

टिळकवाडीकर: वॉर्डाच्या बैठकीत पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पाण्यावर लेखी सूचना द्यायच्या आहेत. सगळ्यांचं एकच पालुपद, हिडकलहून आणखी एक लाइन टाका. दुसरं काही मागण्यासारखं आहे काय?

पंपावरचा अण्णा: आयुष्य मोटारींच्या आवाजात गेलं, म्हणून सांगतो. हिडकल ५१ टीएमसीचं धरण, पण त्यातलं बरंचसं शेतीचं. शिवाय ते शहरापेक्षा खाली. पाणी टप्प्याटप्प्यानं चढवून आणावं लागतं. लाइट गेली की मोटारी बंद. परत चालू केल्या तरी रिकामी लाइन भरेपर्यंत एअर व्हॉल्व्ह फुसफुसत बसतात, आणि शिव्या खातो गल्लीतला व्हॉल्व्हमन! राकसकोपचं धरण जवळ, मार्कंडेय नदीवर, पण त्यात एक टीएमसीसुद्धा मावत नाही. चांगला पाऊस लागला की जादा पाणी नदीत सोडायचं.

तिसरं पाणी पायाखाली आहे. काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणली, आणि १९९५ मध्ये गाळ काढून परत वापरात आणली. अशा विहिरी गल्लोगल्ली आहेत. धुणं, बाग, बांधकाम त्यांच्यावर टाका, नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला ठेवा. तुमच्या वॉर्डातल्या विहिरींची यादी करा, मे महिन्यात पाणी किती खाली जातं ते लिहा. मग लाइन मागा.

भातवाला, वडगाव: अण्णा, येणारं पाणी मोजलासा, जाणारं कोण मोजणार? जेवढं आणाल तेवढं सांडपाणी होणार, आणि ते बळ्ळारी नाल्यातनं आमच्या शिवारात. पावसाळ्यात नाला फुगला की भात पाण्याखाली. आणणारं खातं वेगळं, घाण काढणारं वेगळं, पाट-नाले बघणारं तिसरंच. नव्या लाइनीच्या कागदातच सांडपाणी कुठं शुद्ध होणार ते लिहून घ्या, नाहीतर आम्ही बैठकीला येतोच.

शहापूरची सूनबाई: आमच्या विहिरीला गटाराचा वास येतोय. धुण्याला तरी कसं वापरायचं?

पंपावरचा अण्णा: वापरू नका, ताई. आधी शेजारची गटार दुरुस्त करून घ्या, मग उपसा आणि पाणी तपासून घ्या. नळाचंही तेच. पाणी बंद झालं की रिकामा पाइप फुटक्या सांध्यातनं गटार ओढून घेतो. २००८ मध्ये दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू केलं, त्याचा हाही एक फायदा, पाइपात दाब राहतो.

टिळकवाडीकर: भातवाल्यांचा मुद्दा पहिला घालतो. विहिरींची पातळी मोजायला दोरी आणि वजन पुरे काय?

पंपावरचा अण्णा: पुरे की. मोटार रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी मोजा. काठावर रंगाची खूण करा, दर वेळी तिथनंच दोरी सोडायची.