नवीन पॅड टाकल्यापासून पुढचा डिस्क ब्रेक किंचाळतोय

चिपळूणकर_स्वार
गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, सिंगल चॅनल एबीएस, म्हणजे फक्त पुढचं चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. कामासाठी कराडला वरचेवर जावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. पुढचे पॅड संपले म्हणून घराजवळच्या गॅरेजात बदलून घेतले. सुरुवातीला काही नव्हतं. आता बाजारपेठेत गाडी अगदी थांबायच्या बेतात आली की ‘चीऽऽऽ’ करून अशी ओरडते की पुढचा माणूस दचकून बाजूला होतो. हॉर्नची गरजच उरलेली नाही! ब्रेक जोरात दाबला तर आवाज बंद. लागतो व्यवस्थित. गॅरेजवाला म्हणतो, “नवीन आहेत, घासून बसतील.” एक मित्र म्हणतो, डिस्कवर ऑइलचा बोळा फिरव. फिरवू का?

पावसाळी_भटक्या
बोळा फिरवलास तर जायच्या आधी घरच्यांना सांगून जा.

कराडचा_मिस्त्री
वरच्या भावानं थट्टेत सांगितलं, पण खरं आहे. पॅड तेल पितो. एकदा प्यायला की घासा, धुवा, गॅसवर भाजा, उपयोग नाही. नवीनच घ्यावे लागतात. आणि ते कळणार कधी, तर घाटाच्या पायथ्याला पोफळीकडं उतरताना.

आता आवाजाचं बघ. ही शिट्टी म्हणजे थरथर असते. पॅड डिस्कला धरतो, सुटतो, परत धरतो, सेकंदाला हजारो वेळा. पॅडला कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर बसून दोन्ही पॅड धरणाऱ्या भागात, हलायला जागा असली की ती थरथर ऐकू येते. जोरात दाबल्यावर पॅड घट्ट बसतो, म्हणून आवाज थांबतो. तुझी गाडी नेमकं हेच करतेय. म्हणून पॅड कुठल्या कंपनीचे, हे मी विचारतच नाही. जुन्या पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा आणि कॅलिपरच्या आतली स्प्रिंगची पट्टी परत बसवली का, ते सांग. घाईत पॅड बदलताना ही पट्टी जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते. नवीन पॅड टाकल्यावर ओरडायला लागलेल्या गाड्या माझ्याकडं येतात, त्यांत बहुतेक वेळा हीच भानगड निघते. नाहीतर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लायडर पिना कोरड्या पडलेल्या असतात.

स्वतः खोलणार असशील तर असं कर. मेन स्टॅन्डला लाव, कुणालातरी मागं दाबायला सांग आणि पुढचं चाक हातानं फिरव. हलकी घासण चालेल. चाक अडलं तर पॅड सुटत नाहीये. कॅलिपर गाडीवर आहे तोवरच पॅडची पिन थोडी सैल करून ठेव, नंतर हातात धरून ती सुटत नाही. मग दोन बोल्ट काढून कॅलिपर बाहेर घे. पाइपावर लोंबकळू देऊ नकोस, तारेनं बांध. एबीएसच्या खाचांच्या रिंगला पान्हा लावू नकोस, वाकली तर मीटरवरचा दिवा पेटतो. आणि पॅड बाहेर असताना लिव्हर दाबायचा नाही, पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येईल.

पॅडची घासणारी बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो घाटात भाजलाय. १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेव आणि चकाकी जाईस्तोवर पॅड त्यावर फिरव. धूळ फुंकू नकोस, छातीत जाते. ब्रेक क्लीनरनं डिस्क पूस. रॉकेल, डिझेल नको, ओशटपणा राहतो. स्लायडर पिना ओढून काढ, गंज पूस, सिलिकॉन ग्रीस लाव. आमच्यातलेच काही जण तिथं बेअरिंगचं ग्रीस भरतात. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. पिस्टन बोटांनी मागं ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडं लक्ष ठेव. पातळी वर चढते, आणि पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंग उठतो. सांडलंच तर लगेच पाणी ओत. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढेच आवळायचे.

जोडून झालं की गाडी हलवायच्या आधी लिव्हर टणक लागेपर्यंत पंप करायचा. नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जाणार. मग मोकळ्या रस्त्यावर ४०-५० वरून १० पर्यंत हळू कर, पूर्ण थांबू नकोस, मध्ये गार होऊ दे. असं आठ-दहा वेळा. ‘घासून बसतील’ हे खोटं नाही, पण ते असे बसवावे लागतात.

आणि घाट उतरताना ब्रेकवर बोट ठेवून उतरायची सवय असेल तर सोड. खालच्या गिअरला इंजिन गाडी धरतं. वळणाआधी दाबायचं, सोडायचं.

स्कूटीवाली_ताई
काका, माझ्या स्कूटरला दोन्हीकडे ड्रम आहेत. पावसात उभी राहिली की सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर, मग गप्प. काळजीचं आहे का?

कराडचा_मिस्त्री
नाही ताई. रात्रीत आत गंजाचा पातळ थर धरतो, तो घासला की संपलं. दिवसभर खरखर राहिली तर ड्रम उघडून आत घासणारे लायनर बघून घ्या, संपले असतील. नुसतीच करकर असेल तर आत धूळ साचलेली असते किंवा लायनर उघडणारा कॅम कोरडा पडलेला असतो. एक सांगतो, गॅरेजात त्या धुळीवर हवेचा पाइप मारू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसायला लावा.

चिपळूणकर_स्वार
रविवारी खोललं. स्प्रिंगची पट्टी नव्हतीच! गॅरेजवाल्याला विचारलं तर त्यानं डब्यात हात घालून दुसऱ्याच कुठल्या गाडीची काढून दिली, ती काही बसेना. शेवटी शोरूममधून मागवली. एक पिन अशी जाम होती की पकडीनं फिरवून काढावी लागली. सगळं जोडलं, आता आवाज नाही. फक्त पिस्टनकडचा पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय. आत-बाहेर अदलाबदल करू का?

कराडचा_मिस्त्री
नको. पिन जाम असली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार पिस्टनकडच्या पॅडवर येतो, म्हणून तो खाल्ला गेला. बहुतेक गाड्यांत दोन्ही पॅडचा आकारही वेगळा असतो, बसणारच नाहीत. पॅडवरची मधली खाच दिसतेय तोवर चालव. ती मिटायला आली की दोन्ही एकदम बदल. डिस्कवर कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्या वेळी डिस्कही मोजून घे. आणि जुनी पट्टी परत मागून घे, पॅड बदलणारा कुणीही असो.