नवऱ्याची फिरती शिफ्ट, वन बीएचके आणि लहान मुलगी, दिवसा झोप पूर्ण कशी होणार?

इंद्रायणीकाठ

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. आम्ही मोशीत राहतो, भाड्याचा वन बीएचके. मिस्टर चाकण एमआयडीसीत आहेत, गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, प्रेस शॉपला (मोठ्या मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे), परमनंट होऊन सहा वर्षं झाली. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पहिली साडेसहा ते तीन, दुसरी तीन ते साडेअकरा, तिसरी साडेअकरा ते सकाळी साडेसहा. आणि क्रम असा की पहिली झाली की पुढच्या आठवड्यात तिसरी, मग दुसरी, मग परत पहिली. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, वेगळीच. महिनाअखेरीला डिस्पॅच असला की दुसरी संपल्यावर अजून चार तास थांबवतात, म्हणजे माणूस घरी येतो पहाटे सव्वाचारला. कधीकधी रविवारी पण बोलावतात.

पहिली दुसरी कशीतरी निभते पण तिसरीचा आठवडा आला की माझ्या पोटात गोळा येतो. हे सव्वासातला घरी येतात तेव्हा मुलगी उठलेली असते (साडेचार वर्षांची आहे), पप्पा पप्पा करत अंगावर चढते, तिचं आवरायचं, साडेआठला व्हॅन, मग यांची आंघोळ, नाश्ता, मोबाईल, पडेपर्यंत नऊ. मी साडेनऊला निघते, पतसंस्थेत आहे, दहा ते साडेपाच. त्यानंतर घंटागाडीचं गाणं, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावर दीड महिना टाइल्सचं काम चालू आहे, आणि एक वाजता मुलगी येते. ती शेजारच्या काकूंकडे थांबते पण पप्पा घरात आहेत हे तिला माहितीये, मग दार वाजवतेच. एकदा उठले की परत झोप नाही. चार तास, त्याच्यावर नाही.

गेल्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आली, बीपी १४४/९२. वय ३६. आणि पंधरा दिवसांपूर्वी बस चुकली म्हणून बाईक नेली होती, तर सकाळी परत येताना नाशिक हायवेला डुलकी लागली, डिव्हायडरला घासले. हाताला खरचटलं एवढंच. मला सांगितलं पण नाही, मला शर्ट धुताना कळलं. त्या दिवसापासून हे नाईटला गेले की मलाच झोप लागत नाही.

नोकरी सोडा, गावी जा असं कृपया सांगू नका. गाव औसा तालुक्यात, तिकडे दोन एकर कोरडवाहू आहे, दोन्ही घरं या पगारावर चालतात. जे शिफ्ट करतात त्यांनी सांगा, घरात नेमकं काय केलं की झोप होते?

तळेगाव_बी_शिफ्ट

ताई मी १४ वर्षं तीन शिफ्ट करतोय, तुमची पोस्ट वाचून घरचंच वाटलं.

सगळ्यात आधी, ते सव्वासात ते नऊ जे जातंय ना ते वाचवा. कंपनीतून निघालो की शरीर पेंगत असतं, तीच वेळ झोपेची, ती गेली की ऊन वर येतं आणि मग डोळे टक्क उघडे. मी काय करतो, बसमध्ये बसल्या बसल्या काळा गॉगल लावतो, पोरं हसायची पहिल्यांदा, आता चौघं लावतात, कारण सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. घरी आल्यावर हातपाय धुवायचे, हलकं काहीतरी खायचं, चहा नाही, आठच्या आत आडवं. आंघोळ उठल्यावर. शेवटचा चहा रात्री दोन वाजता, त्याच्यानंतर कँटीनवाल्याने कितीही आग्रह केला तरी नाही, कारण चहा कॉफीचा असर पाच सहा तासांनी पण निम्मा शिल्लक राहतो.

खोलीचं म्हणाल तर महाग ब्लॅकआउट पडदे लागत नाहीत, मी जुनी गोधडी खिडकीला खिळ्यावर अडकवली होती पाच वर्षं. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून फुल स्पीडला, त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज बुडतो. बेलचा स्विच बंद. फोन सायलेंट करून किचनमध्ये, नुसता उलटा ठेवून उपयोग नाही. आणि गावाकडच्या सगळ्यांना एकदाच सांगून टाका की नाईटच्या आठवड्यात तीन वाजेपर्यंत फोन करायचा नाही. आमच्या आईला हे पटायला दोन वर्षं लागली, तिला वाटायचं दिवसाढवळ्या झोपतो म्हणजे पोरगा आजारी आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या मिस्टरांचा क्रम उलटा आहे. पहिली, तिसरी, दुसरी म्हणजे दर आठवड्याला झोप मागे मागे ओढायची, शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. पहिली, दुसरी, तिसरी असा सरळ क्रम सोसतो. आमच्याकडे पण उलटाच होता, युनियनने पत्र दिलं, आठ महिने लागले पण बदलला. खरं सांगायचं तर सरळ क्रमातही एक अवघड जागा आहे, तिसरी संपून रविवारी सकाळी घरी आलं की सोमवारी साडेसहाला परत गेटवर, फक्त एक रविवार मिळतो. त्या रविवारी मी सकाळी तीनच तास झोपतो आणि मग रात्री नऊला गाढ. बाकी तीन आठवडे माणसात राहता येतं. लाईनवरच्या वीस जणांच्या सह्या घेऊन सुपरवायझरकडे द्या म्हणावं, एकट्याने गेलं की फक्त बघू म्हणतात.

पुणे_नाशिक_हायवे

ओटीचे पैसे दुप्पट मिळतात का? जुना १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट घ्या नाहीतर नवीन लेबर कोड, आठवड्याला ४८ तास आणि वरच्या तासांना दुप्पट दर, हे दोन्हीकडे आहे. स्लिप बघा एकदा.

इंद्रायणीकाठ

हो दादा दुप्पट मिळतात, म्हणूनच तर हे नाही म्हणत नाहीत. गेल्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन ओटीवरच झालं.

कंपनी_डॉक्टर

मी ११ वर्षं औद्योगिक पट्ट्यात फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे. ताई, तुमच्या पोस्टमधली डुलकी मला शुगर बीपीपेक्षा जास्त काळजीची वाटली, म्हणून आधी तिच्याबद्दल.

हिशोब करून बघा. ते दुपारी एकला उठले आणि सकाळी पावणेसातला बाईकवर बसले, म्हणजे पावणेअठरा तास जागे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला होता, त्यात १७ तास सलग जागलेल्या माणसाची हातापायांची आणि लक्षाची अवस्था रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखी निघाली. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. थेंबभर न पिता ते त्या अवस्थेत हायवेवर होते. त्यामुळे तिसरीला बाईक अजिबात नाही. बस चुकली तर रिक्षा, शेअर गाडी, नाहीतर सरळ त्या दिवशी रजा. आणि रात्री निघण्याआधी साडेसात ते नऊ दीड तास झोप घ्यायला सांगा, दिवसाची तुटलेली झोप त्याने बरीच भरून निघते आणि पहाटेचा चार ते सहाचा काळ, जेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि प्रेसवर बोटं जातात (मी पाहिलंय), तो जरा सुरक्षित जातो.

६.२ म्हणजे मधुमेह नाही, ५.७ ते ६.४ ही अलीकडची पायरी आहे, इथून माणूस मागे येऊ शकतो. रात्री दोनला कँटीनमध्ये भात, बटाट्याची भाजी, गोड असं पूर्ण ताट खाल्लं तर तीच साखर दिवसापेक्षा जास्त चढते कारण रात्री शरीर ती हाताळायला तयार नसतं. मुख्य जेवण घरून निघायच्या आधी करू द्या आणि रात्री डब्यात थोडंसंच, एखादी भाकरी, उसळ, ताक, फुटाणे. बीपी नाईट करून आल्या आल्या मोजलेली असेल तर ती धरू नका, पहिलीच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी शांत बसून मोजा, तरीही १४० च्या वर असेल तर डॉक्टरकडे जायचंच. आणि एक विचारतो, घोरतात का? घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, कारण मग नुसते तास वाढवून थकवा जाणार नाही.

ओटीबद्दल, पैशाची गरज मला कळते. पण डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) या दोन संस्थांनी २०२१ मध्ये मिळून मांडलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. ४८ मध्ये दोन ओटी मिळवल्या की ५६ होतात. एका आठवड्यात एकच घ्या, निदान शुगर खाली येईपर्यंत.

वॉर्ड_नंबर_सहा

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, नाईट माझ्याही रक्तात गेलीय. सगळ्यांनी दादांच्या झोपेबद्दल छान सांगितलं, मला तुमच्याबद्दल विचारायचंय ताई.

पहिलीच्या आठवड्यात त्यांचा डबा करायला तुम्ही किती वाजता उठता? साडेचार? आणि रात्री झोपता अकराला? दुसरीला ते सव्वाबाराला येतात, तुम्ही वाढायला जाग्या, भांडी आवरून एक वाजतो, परत सहाला मुलीसाठी उठायचं. आणि तिसरीला झोपच लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तीन आठवड्यांत तुमचा एकही आठवडा सहा तासांचा नाही, आणि तुम्हाला तर शिफ्ट अलाउन्स पण नाही. मी हे असंच माझ्या आईचं बघितलंय, वडील साखर कारखान्यात होते, सिझनला रातपाळी, आई चूल पेटती ठेवून बसायची. चाळिशीत तिची बीपी सुरू झाली, तेव्हा कुणाच्या लक्षात पण आलं नाही की बाई पंधरा वर्षं नीट झोपली नाहीये.

दुसरीला त्यांचं जेवण हॉटपॉटमध्ये झाकून ठेवा आणि दहा वाजता झोपा. मोठा माणूस आहे, स्वतः वाढून घेईल, ताट धुऊन ठेवेल. यात प्रेम कमी होत नाही. पहिलीचा डबा रात्रीच अर्धा करून ठेवा किंवा त्या आठवड्यात कँटीन. आणि तुमची पण एचबीएवनसी, थायरॉइड, हिमोग्लोबिन करून घ्या, खरंच करा, नुसतं हो म्हणू नका.

मुलीसाठी माझी युक्ती सांगते. मी दाराला बाहेरून लाल ओढणी बांधायची. लाल ओढणी म्हणजे मम्मा झोपलीय, हिरवी म्हणजे ये. तीन साडेतीन वर्षांच्या पोराला हे आठ दिवसांत कळलं. पण हिरवी झाली की अर्धा तास पूर्ण त्याचा द्यायचा, फोन बाजूला, तो विश्वास मोडला तर ओढणी चालत नाही.

काळाचौकी_१९७१

मी वयाने मोठा आहे, मुलाच्या फोनवरून लिहितोय. गिरणीत होतो, साचाखात्यात (साचे म्हणजे कापड विणायचे माग), आधी बदली मग कायम, ८२ च्या संपापर्यंत. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा गाववाले राहायचो, रातपाळीवाले आले की दिवसपाळीवाल्यांच्या वळकट्या गुंडाळलेल्या असायच्या, त्याच जागेवर आम्ही पडायचो. पण एक होतं, अख्ख्या चाळीला माहीत असायचं कोण रातपाळीला आहे. त्या खोलीसमोर पोरं खेळायची नाहीत, बायका नळावर भांडायच्या पण हळू. कुणी सांगावं लागत नव्हतं, कारण प्रत्येक घरात एक रातपाळीवाला होता. आता सोसायटीत एकाला दुसऱ्याची पाळी माहीत नसते. म्हणून सुनबाई, तू वरच्या मजल्यावर स्वतः जा आणि सांग की या आठवड्यात नाईट आहे, ठोकाठोकी दोननंतर करा. चिडून नको, पेढे घेऊन जा वाटल्यास. माणसं ऐकतात, त्यांना माहीतच नसतं.

दुसरं, रविवार विकू नका. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी हजारो गिरणी कामगार उभे केले तेव्हा हा रविवार मिळाला, त्याआधी सुट्टी नव्हती. दुप्पट पैसे मिळतात हे खरं. पण माझा मोठा मुलगा लहान असताना मी त्याला जागा असलेला फार थोड्या वेळा बघितला, ते मला आज ७४ व्या वर्षी आठवतं, त्या रविवारच्या पैशाचं काय केलं ते आठवत नाही.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण एक पूर्ण फेरा बघायचा होता. सासूबाईंची जुनी गोधडी खिडकीला लावली. वरच्या काकांकडे गेले, खरंच त्यांना माहीत नव्हतं, मिस्त्रीला दोननंतर यायला सांगितलं. ओढणीचं पहिले तीन दिवस रडारड झाली, आता मुलगी स्वतःच काकूंना सांगते, लाल आहे. तिसरीला हे आठला झोपून दीडला उठले, साडेपाच तास, आणि संध्याकाळी अजून सव्वा तास. बाईकची चावी त्या आठवड्यात माझ्या पर्समध्ये असते. डॉक्टर, घोरतात, आणि श्वास अडकतो का ते मी रात्रभर बसून बघितलं, दोनदा वाटलं, पुढच्या शनिवारी दाखवायला जातोय. क्रमाच्या अर्जावर तेरा सह्या झाल्यात.

मिरजेच्या ताई, तुमचं वाचून मी रडले. दुसरीच्या आठवड्यात दहाला झोपले, पहिले दोन दिवस अपराध्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी सकाळी ताट धुऊन पालथं ठेवलेलं होतं. माझं हिमोग्लोबिन ९.१ आलंय, गोळ्या सुरू केल्या.

काका, तुमचं उत्तर यांनी दोनदा वाचलं. या रविवारी बोलावलं होतं, गेले नाहीत, दोघं बापलेक देहूला जाऊन आले. ते विचारतायत की तुम्हाला एका वेळी किती साचे बघावे लागायचे, आणि त्या आवाजातून घरी आल्यावर कान शांत व्हायला किती वेळ लागायचा, कारण यांच्या कानात प्रेस झोपेत पण वाजतो.