रेणुका शहाणे : 'रीटा'नंतर थेट 'त्रिभंग'... ह्याला करिअर म्हणायचं का?

रंकाळाकाठ
काल आईबरोबर 'त्रिभंग' परत बघितला आणि जेवताना वाजलं आमचं, म्हणून इथं टाकतोय. माझं म्हणणं, बाईंनी टीव्ही सोडायलाच नको होता. दूरदर्शनवरचा 'सुरभी' आठवतंय का, त्याच्या सूत्रसंचालक ह्याच, आणि त्यातल्या प्रश्नाला आमचे बाबा उत्तर लिहून पोस्टकार्ड टाकायचे आणि आठवडाभर नंबर लागायची वाट बघायचे, कधी लागला नाही ती गोष्ट वेगळी. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि मग तर घराघरात भाभी. एवढं सगळं हातात असताना २००९ ला 'रीटा' आणि त्यानंतर एकदम २०२१. मधे अकरा वर्षं! दिग्दर्शक म्हणून दोनच मोठे पिक्चर, काय हिशोब लागतो ह्याचा?

मोरेवाडीचा
भावा हिशोब पिक्चर मोजून लावणार असशील तर अवघड हाय. मी दीड वर्ष एका सिरियलला आर्टमधे होतो, इथंच आपल्याकडं. हळदीकुंकवाच्या ताटातलं कुंकू कालच्या सीनला जुळावं म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवायचो, आणि आर्टिस्टला सीन हातात पडायचा मेकअपला बसल्यावर, पुढं त्या पात्राचं काय होणार हे तिलाच माहिती नसायचं. अशा ठिकाणी दहा वर्षं काढण्यापेक्षा आपल्याच आईच्या कादंबरीवर एक पिक्चर करणं लाख पटीनं बरं. 'रीटा' शांता गोखल्यांच्या 'रीटा वेलिणकर'वरनं हाय, माहिती असंलच.

तांबडा_पांढरा
आईचीच कादंबरी होती ना मग, ती कुणाला मिळती राव? आणि 'त्रिभंग'ला इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या बॅनरशिवाय स्वतःच्या हिमतीवर काढलेला पिक्चर, असं म्हणू नका प्लीज. काजोल, नेटफ्लिक्स, निर्मात्यात अजय देवगण... आमच्या गल्लीतला पोरगा कॅमेरा भाड्यानं आणून शॉर्टफिल्म करतो, त्यानं काय म्हणायचं मग स्वतःला?

मोरेवाडीचा
पैसा कुणाचा ते सोड, गोष्ट कुणाची ते बघ की. आई लेखिका, कोमात पडलीय, पोरगी ओडिसी नाचणारी आणि तिचा आईवरचा राग काय जात नाही. सिरियलवाल्यांनी तिसऱ्या एपिसोडला त्या आईला रडवून माफी मागायला लावली असती. हितं आईला देवी पण केली नाही आणि कैदाशीण पण नाही.

रंकाळाकाठ
हे मान्य, आई पण हेच म्हणत होती. पण शिव्या जरा जास्तच घातल्यात काजोलच्या तोंडी, आईसमोर बसून बघताना मला रिमोट कुठं ठेवू झालं.

गंगावेस_दूधकट्टा
कोल्हापूरकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये!! आपल्याच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत होते, कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० ला 'सैरंध्री' हा मूकपट काढला.

तांबडा_पांढरा
आले पेंटर. दूध नासलं तरी तुम्ही पेंटर काढणार 😄 त्यांच्या पाठीशी पण पैसा घालणारी माणसं होतीच की.

मोरेवाडीचा
व्हय, मग बाईंनीच तेवढं उपाशी राहून पिक्चर काढायचा का?

तांबडा_पांढरा
तसं नाही म्हणत मी. ती सिरियल का सोडलीस पण तू?

मोरेवाडीचा
सोडली कुठं, बंद पडली. सोमवारपासून दुसऱ्या सिरियलला लागतोय, घराचा हप्ता हाय.