सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र: ठराव सभासदांचा, चेहरे घरकामाला येणाऱ्या बायकांचे

मुलुंडकर (धागालेखक)

मुलुंड पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे पुढच्या महिन्यात एक ठराव येणार आहे. गेटवरची वही बंद करून चेहरा ओळखणारे यंत्र बसवायचे आणि घरकामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, गाड्या धुणारा मुलगा अशा सर्वांनी चेहरा नोंदवल्याशिवाय त्यांना आत सोडायचे नाही, असे त्याचे स्वरूप आहे. सभासदांसाठी मात्र नोंदणी ऐच्छिक आहे. त्यांना वॉचमन ओळखतो तेवढे पुरे, असे कमिटीचे म्हणणे. माझा विरोध या फरकाला आहे. गेली पंचवीस वर्षे संगणकावरच माझे पोट भरत असल्यामुळे यंत्राशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि संमती ही मोकळेपणाने, नीट माहिती मिळाल्यावर व विनाअट दिलेली असावी, असे त्यात लिहिले गेले. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोयही त्यात आहे. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या दिवशी वॉचमनच्या टॅबवर इंग्रजी अर्ज उघडला, त्याने स्वतःच खूण केली आणि घरकामाच्या एका बाईंना म्हणाला, "मावशी, इकडे बघा." संमती घेण्याचा कार्यक्रम तेवढ्यात आटोपला. नकार दिला असता तर आमच्या इमारतीतील चार घरांचे काम त्यांनी त्याच दिवशी गमावले असते.

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. शिवाय २०१८ मधील एका गाजलेल्या अभ्यासात अशा यंत्रणांची चूक सावळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. यंत्राने ओळखले नाही म्हणून एखादी बाई पावसात गेटबाहेर उभी राहिली, तर त्या दिवसाचा खाडा कोणाच्या नावावर लिहायचा?

बोरिवलीचे सचिव

धागालेखकांनी वहीला जणू निरागस ठरवले आहे. आमच्या संस्थेत चौदा वर्षे वही होती. कोणत्या घरी कोणती बाई जाते आणि तिचा मोबाइल नंबर काय, हे कुरिअर घेऊन आलेल्या कोणालाही टेबलावर वाकून वाचता येत असे. त्या खासगीपणावर तेव्हा कोणी चर्चा केल्याचे मला आठवत नाही. वॉचमनच्या ओळखीवर विसंबावे, तर एजन्सी दर तीन महिन्यांनी माणूस बदलते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर या शहरात सुरक्षेकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि ती उगाच बदलली नाही.

आता एक अनुभव सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका घरातून सोनसाखळी नाहीशी झाली आणि रिवाजाप्रमाणे पहिला संशय भांडी घासणाऱ्या बाईंवर गेला. यंत्रातील नोंदीनुसार त्या सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी बाहेर पडल्या होत्या आणि दुपारी एकच्या हळदीकुंकवाच्या छायाचित्रात तीच साखळी घरमालकिणीच्या गळ्यात दिसत होती. प्रकरण तिथेच मिटले. वही असती, तर वॉचमनने वेळ अंदाजाने लिहिली असती आणि बाईंना पोलीस चौकीत बसावे लागले असते. चेहरा देण्यात अपमान आहे असे आपण घरबसल्या ठरवतो, पण त्याच नोंदीने त्यांची अब्रू राखली, हेही पाहावे. शिवाय २०२३ च्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेव्हा संमतीविषयीच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. संस्थांनी आत्तापासून घाबरून जाण्याचे कारण नाही.

कायद्याचा विद्यार्थी

दोन्ही बाजूंनी मांडलेल्या कायद्याच्या मुद्द्यांत थोडी दुरुस्ती हवी. मूलभूत हक्कांची दाद मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येते, आणि गृहनिर्माण संस्था सामान्यतः शासन ठरत नाही. त्यामुळे पुट्टस्वामी निकाल सभेत फडकावून फारसे काही हाती लागणार नाही.

परंतु सचिवांनीही मुदतीच्या आडोशाला उभे राहू नये. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्यावर २०२३ चा कायदा जबाबदारी टाकतो. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीशी करार काहीही असला, तरी ही जबाबदारी संस्थेकडेच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याने माहिती फुटली, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्या चाळीसएक सभासदांच्या संस्थांना तेवढा दंड कोणी करेल असे नाही, पण कमाल रक्कम सभेत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखी आहे. नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची सवलत कायद्यात आहे खरी. तथापि बाईंना कामावर ठेवणारे फ्लॅटधारक असतात, संस्था नव्हे, म्हणून संस्थेला ती सवलत सहजासहजी मिळेल असे मला वाटत नाही. शिवाय १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली झालेला सर्वसाधारण सभेचा ठराव सभासदांना बांधतो. ज्यांना त्या सभेत बसायला खुर्चीही मिळत नाही, त्यांची संमती त्यात आपोआप आली, असे मानता येणार नाही.

आकडेमोड्या

३४.७ टक्क्यांचा आकडा येथे गैरलागू आहे. त्या अभ्यासात समोरचा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढेच यंत्रणांना सांगायचे होते. माणूस कोण हे ओळखायचे नव्हते. गेटच्या प्रश्नाला अधिक जवळचे काम अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केले. एकाला दुसराच समजण्याची चूक काही वंशगटांत दहा ते शंभर पटींनी जास्त होते, असे त्यात अनेक अल्गोरिदमबाबत (चेहरे जुळवण्याच्या संगणकीय पद्धतींबाबत) दिसले, मात्र काही उत्तम अल्गोरिदममध्ये हा फरक जवळजवळ नव्हता. म्हणून "यंत्र चुकते का" असे न विचारता, नेमके कोणते यंत्र घेतो आहोत आणि ते न ओळखल्यास वॉचमन काय करणार, हे कमिटीला विचारावे.



गोवंडीहून

माझी आई चेंबूरच्या एका संकुलात सहा घरी भांडी घासते. तिथे असे यंत्र दोन वर्षे आहे. साबण-सोड्याने तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, म्हणून चेहरा चालतो याचे तिला बरेच वाटते. तिला टोचते ते वेगळेच आहे. ती गेटमधून आत आली की सहाही घरच्या मोबाइलवर घंटी वाजते. हार्बरची गाडी रखडून वीस मिनिटे उशीर झाला की महिनाअखेर त्याचा हिशेब होतो. संध्याकाळी थांबून केलेल्या जादा कामाचा मात्र नाही, कारण ती बाहेर पडताना कोणाच्याच मोबाइलवर घंटी वाजत नाही. सचिव साहेब, तुमच्या संस्थेत बाईंची बाहेर पडण्याची वेळ उपयोगी पडली हे चांगलेच झाले. पण ती नोंद बाईंना स्वतःला कधी पाहता येते का?

मुलुंडकर (धागालेखक)

आकड्याची चूक मान्य. वहीबद्दलचा सचिवांचा मुद्दाही मान्य. सभेत सुचवण्यासाठी योजलेल्या माझ्या पर्यायात मी वहीच ठेवली होती, ती आता काढतो. सभेत पुढील दुरुस्ती मांडणार आहे: नोंदणी सक्तीची करायची असेल, तर ती सभासदांपासून सुरू करावी, ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांना छायाचित्राचे ओळखपत्र चालावे, आत-बाहेरच्या वेळा कोणाच्याही मोबाइलवर जाऊ नयेत, आणि मागितल्यास त्या त्या व्यक्तीला मराठीत किंवा हिंदीत मिळाव्यात. पहिली अट मंजूर झाली, तर बाकीच्यांवर चर्चा करायची वेळच येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

बोरिवलीचे सचिव

गोवंडीहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून आज आमच्या पुरवठादाराला फोन केला. नोंद फक्त फ्लॅटधारकाला दिसते. काम सुटल्यावर चेहरा पुसायचा असला, तरी विनंती फ्लॅटधारकाच्याच अ‍ॅपमधून करावी लागते. साखळीच्या प्रकरणातील त्या बाई दिवाळीतच काम सोडून गेल्या. त्यांचा चेहरा आमच्या गेटवर अजून आहे. यंत्राविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण हा विषय मी आमच्या कमिटीपुढे ठेवतो आहे.