बॅकलॉगला 'अनुशेष' म्हणावं का?

एका सरकारी खात्याच्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा कामांचा फलक मराठीत करतोय. 'प्रॉडक्ट बॅकलॉग'साठी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुढे करायच्या सगळ्या कामांच्या यादीसाठी, 'अनुशेष' वापरला. पहिल्याच आढावा बैठकीत साहेबांनी पडद्यावरचा ४१२ हा आकडा पाहिला. "दोन महिन्यांत एवढा अनुशेष?" खरं तर त्यातली जेमतेम १७ कामं रखडलेली होती. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १
साहेबांचं काय चुकलं? आपल्याकडे अनुशेष सिंचनाचा, रस्त्यांचा, राखीव पदांचा. प्रादेशिक असमतोलावरच्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून तर तो शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या जिव्हारी बसलाय. जे एव्हाना व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते म्हणजे अनुशेष. तो भरून काढायचा असतो.

स्क्रम या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीतला बॅकलॉग तसा नाही. ती क्रम लावलेली यादी. वरची कामं बारीक फोडलेली, खालची ढोबळ. सॉफ्टवेअर वापरात आहे तोवर तिच्यात नव्या गरजा पडतच राहणार. ती शून्यावर आणायचा हट्ट धरला, तर लोक नवी कामं नोंदवायचंच सोडून देतात, आणि मग काय राहिलंय ते कुणालाच कळत नाही. हे मी जवळून पाहिलंय.

मुळात बॅकलॉग म्हणजे इंग्रजांच्या घरातल्या शेकोटीत मागच्या बाजूला ठेवायचा जाड ओंडका. विस्तव टिकावा म्हणून. त्यावरून राखीव साठा, आणि मग साचलेलं काम. म्हणून मला 'बेगमी' सुचतो.

प्रतिसाद २
बेगमी सुंदर शब्द आहे, पण इथे नको. पावसाळ्याची बेगमी आपण हौसेने भरतो, त्यातलं काही टाकत नाही. या ४१२ मधली कितीतरी कामं कधीच करायची नसतील आणि ती काढून टाकणं हेच मोठं काम आहे. आमच्याकडे सरळ 'यादी' म्हणतात. "यादीत टाक", "हे वर घे". 'रिफाइनमेंट'ला, म्हणजे ही यादी तपासून नीटनेटकी करण्याला, 'निवडणं-टिपणं'. तांदळातले खडे काढावेत तसं दर आठवड्याला तासभर बसतो.

अनुशेष मात्र फेकू नका. मुदत टळलेल्या कामांना तोच शब्द नेमका आहे.

मूळ प्रश्नकर्ता
पटलं. फलकावर आता 'कामांची यादी' आणि शेजारी, लाल रकान्यात, 'अनुशेष: १७'. एक अडचण उरलीये. 'रिफाइनमेंट'च्या बटणावर 'निवडा' लिहिलं, तर लोक त्याचा अर्थ 'सिलेक्ट' असाच घेतील. 'यादी निवडून घ्या' कसं वाटतं?